एका मुखी विदूषक आणि पंडित

१९७७ सालच्या एप्रिल महिन्यात इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर दारिओ फो या नटाचा ‘मिस्तेरो बुफ्फो’ हा एकपात्री प्रयोग दाखवण्यात आला आणि धर्मपीठाकडून त्याचा कडक शब्दांत निषेध झाला. रोमचे कार्डिनल व्हिकर उगो पोलेत्ती यांनी थेट पंतप्रधानांकडे गाऱ्हाणे नेले. दूरचित्रवाणीच्या आजवरच्या इतिहासातला सर्वांत ईश्वरनिंदक कार्यक्रम, असे त्याचे वर्णन त्या काळी झाले आणि ते जगभर गाजले. पुढे वीस वर्षांनी, १९९७ साली, याच फो यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. मध्ययुगातील विदूषकांचा वारसा चालवून त्यांनी सत्तेवर कोरडे ओढले आणि दीनदुबळ्यांची प्रतिष्ठा राखली, असा गौरव स्वीडिश अकादमीने केला. व्हॅटिकनच्या मुखपत्राने या निवडीबद्दल उघड आश्चर्य व्यक्त केले.

ख्रिस्ती वाचकाला अशा वेळी दोन सोप्या वाटा मोकळ्या असतात. एक, निषेधात सूर मिसळून पुस्तक मिटून टाकावे. दुसरी, आपण किती उदार आहोत हे दाखवण्यासाठी टाळ्या वाजवाव्यात. या दोन्ही वाटांनी जाणाऱ्याला ती कलाकृती मात्र नीट पाहावी लागत नाही. ‘मिस्तेरो बुफ्फो’ नीट पाहण्याजोगी आहे, आणि तिच्याशी भांडायचे तर तेही नीट पाहूनच भांडायला हवे.

‘मिस्तेरो’ म्हणजे मध्ययुगात चर्चच्या आवारात आणि चौकात होणारी, बायबलमधील प्रसंगांवरची धार्मिक नाटके. ‘बुफ्फो’ म्हणजे हास्यकारक. हे जोडनाव फो यांनी मायकोव्हस्की या रशियन कवीच्या १९१८ सालच्या नाटकावरून उचलले. प्रयोग १९६९ साली सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. काळा स्वेटर, काळी विजार आणि गळ्यात अडकवलेला ध्वनिक्षेपक. नाट्यगृहात, कारखान्यात, क्रीडागारात हजारो माणसे जमत. जागा अपुरी पडली की लोक रंगमंचावरच बैठक मारीत. फो आधी प्रेक्षागृहातले दिवे लावूनच गप्पा मारायला लागत. आता सादर होणारा प्रवेश कोणत्या शतकातला, कोणत्या प्रांतातला, त्या काळी शेतकऱ्याची आणि जमीनदाराची स्थिती काय होती, पाठ्यपुस्तकांनी त्यातले काय दडवले, हे सारे ते एखाद्या प्राध्यापकाच्या थाटात सांगत. मध्येच उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाची फिरकी घेत, सकाळच्या वर्तमानपत्रातल्या मंत्र्याला चिमटा काढत आणि पुन्हा तेराव्या शतकात परतत. मग क्षणात अंग वाकवून तेच पात्र होत. भाषाही एक नव्हे : उत्तर इटलीतल्या बोलींचे मिश्रण, आणि जिथे तेही पुरत नसे तिथे ‘ग्रामेलो’, म्हणजे शब्दाला अर्थ नसलेली, केवळ हेल आणि हातवारे यांवर चालणारी बडबड. छापील संहिता नंतर आली, तीही प्रयोगांच्या ध्वनिमुद्रणांवरून. आज आपण वाचतो तो त्या प्रयोगाचा एका रात्रीचा ठसा आहे, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

हे कसब त्यांनी एखाद्या नाट्यशाळेत कमावलेले नव्हते. १९२६ साली लोंबार्दी प्रांतात, माज्जोरे सरोवराच्या काठी त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. सरोवरावरचे कोळी, काचकामगार, चोरटा माल नेणारे यांच्या तोंडच्या अचाट कथा ऐकत मुलगा वाढला. मराठी वाचकाला या घडणीचे नवल वाटू नये. तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्या हेच करीत आला आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ सालच्या लोकनाट्यात दादा कोंडके राजाच्या दरबारात उभे राहून चालू राजकारणावर दररोज नवे शेरे मारीत. लोक तेच नाटक पुन्हा पाहायला येत ते त्यासाठीच. पण सोंगाड्या आणि फो यांच्यात एक मोठा फरक आहे. सोंगाड्याचा राजा कुठलाच नसतो; तो इतिहास शिकवण्याचा दावा करीत नाही. फो तो दावा करतात. विनोद करणारा आणि त्या विनोदामागचा इतिहास प्रमाणित करणारा, दोघेही एकाच तोंडाने बोलतात.

आधी जे उत्तम आहे त्याविषयी. ‘लाजरसचे पुनरुत्थान’ हा प्रवेश माझ्या मते या संग्रहाचा मुकुटमणी. प्रभू येशू त्यात दिसतच नाही. दिसते ती चमत्कार पाहायला लोटलेली गर्दी, आणि ती सारी गर्दी एकटे फो उभी करतात. दफनभूमीच्या दारावर प्रवेशाचे पैसे मागणारा रखवालदार, चमत्कार पाहून मूर्च्छा आली तर डोके फुटेल, म्हणून बायकांना खुर्च्या भाड्याने देणारा, मासळी विकणारा, मेलेला उठतो की नाही यावर पैज लावणारे. कबर उघडते, दुर्गंधी येते, लोक नाके दाबतात, आणि लाजरस उठून उभा राहतो त्याच क्षणी गर्दीतून दोन आरोळ्या उठतात : एक येशूच्या जयजयकाराची आणि दुसरी, पाकीट मारले गेल्याची. बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत ज्यांनी कोपरे खात वाट काढली आहे आणि मेणाचे हातपाय विकणाऱ्यांच्या हाका ऐकल्या आहेत, त्यांना या प्रवेशाचे मर्म कोणी समजावून द्यायला नको. यात ईश्वरनिंदा कुठे आहे? योहानाच्या शुभवर्तमानातही लाजरसच्या कबरेभोवती माणसे जमतात. काही विश्वास ठेवतात, काही जाऊन परुश्यांना खबर देतात. फो यांनी त्या माणसांना चेहरे दिले. हसू येते ते चमत्काराचे नव्हे, चमत्कारासमोर उभे राहूनही आपला धंदा न विसरणाऱ्या आपलेच येते.

फ्रांका रामे या त्यांच्या पत्नी क्रुसाखालच्या मरियेचा प्रवेश करीत. त्यात ती माता गाब्रिएल दूताशी भांडते. वधस्तंभाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आईने हक्काने दूताला जाब विचारावा, यात अश्रद्धा नाही. स्तोत्रकर्त्याने देवाला विचारलेले जाब कितीतरी अधिक कडक आहेत.

अडचण निर्माण होते ती फो हातात पुस्तक घेतात तेव्हा. प्रयोगाच्या आरंभीच ते ‘रोझा फ्रेस्का’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या तेराव्या शतकातील सिसिलियन कवितेवर बोलतात. ही कविता म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातला सवालजवाब. कवीचे नाव परंपरेने चेलो दाल्कामो असे सांगितले जाते. फो म्हणतात, ते नाव खरे ‘चुल्लो’. त्याचा अर्थ ग्राम्य आहे म्हणून सभ्य पंडितांनी ते बदलले आणि चौकातल्या विदूषकाला दरबारी कवी करून टाकले. पुढे कवितेत ‘देफेन्सा’ या कायद्याचा उल्लेख येतो. सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या १२३१ सालच्या मेल्फी येथील कायदेसंग्रहाशी तो जोडलेला आहे. फो सांगतात की या कायद्याने श्रीमंतांना मोकळे रान दिले होते : स्त्रीवर बळजबरी करावी, पकडले गेल्यास ठरावीक नाणी फेकावीत, सम्राटाचा जयजयकार करावा आणि सुटावे. सारे प्रेक्षागृह हसते, आणि हसता हसता संतापते. परंतु मुळात ‘देफेन्सा’ होती ती हल्ला होणाऱ्याच्या रक्षणासाठी. सम्राटाचे नाव घेऊन आपल्या अंगावर येणाऱ्याला अडवावे आणि तरीही त्याने हात टाकल्यास त्याला दंड व्हावा, अशी ती तरतूद. कवितेतला पुरुष मुलीच्या आप्तांपासून स्वतःला वाचवण्यासाठी तिचा आधार घेतो. बलवानाने दुर्बळाची ढाल आपल्या हाती घेतली, असा अर्थ निघाला असता तर तो खरा आणि कदाचित अधिक बोचरा झाला असता. फो यांनी ढालीलाच तलवार ठरवले. कवीच्या नावाचा अर्थही अभ्यासकांनी सरसकट मान्य केलेला नाही. आणि ज्या प्रवेशांना ते अमक्या शतकातले, तमक्या गावचे म्हणतात, त्यांतले कित्येक बहुतांशी त्यांचेच आहेत, हे आता लपून राहिलेले नाही. कलावंताने नवे रचावे, हा त्याचा हक्क आहे. मात्र रचलेल्यावर जुना शिक्का मारला की प्रश्न कलेचा राहत नाही, साक्षीचा होतो.

सर्वांत वादग्रस्त प्रवेश अर्थातच ‘बॉनिफास आठवा’. पोपमहाशय एका मोठ्या सोहळ्यासाठी सजत आहेत. न दिसणारी उंच टोपी, न दिसणारे हातमोजे, अंगठ्या, आणि खांद्यावर पेलवेना इतका जड झगा. मागे बेसूर गाणारी मुले, आणि त्यांना जिभेने टांगण्याची धमकी. अशात क्रूस वाहणारा ख्रिस्त समोरून येतो. मग दागिने भराभर उतरवून, तोंडाला चिखल फासून हा माणूस दीनतेचे सोंग आणतो आणि शेवटी ख्रिस्ताची लाथ खातो. अभिनयाच्या दृष्टीने हा प्रवेश अफाट आहे. रिकाम्या हवेतून झग्याचे वजन निर्माण करणारा नट क्वचितच पाहायला मिळतो. पुढे प्रस्तावनेत पोप जॉन पॉल दुसरे यांचीही नक्कल शिरली. नटाच्या या सवयीत गंमत आहे, पण सातशे वर्षांचे अंतर पुसून टाकण्याची घाईही आहे.

खरा बॉनिफास कसा होता? १२९४ साली पाचव्या सेलेस्टाइनने पदत्याग केल्यावर तो पोप झाला, आणि त्या वृद्ध तपस्व्याला त्याने १२९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत फुमोने येथील किल्ल्यात कोंडून ठेवले. याकोपोने दा तोदी या फ्रान्सिस्कन कवीला त्याने तुरुंगात टाकले. प्रत्येक मानवी जीव रोमच्या धर्मगुरूच्या अधीन आहे असे सांगणारे प्रसिद्ध फर्मान त्याने १३०२ साली काढले. अहंकारी खराच. पण १३०० सालचे पहिले पवित्र वर्ष त्यानेच घोषित केले, रोमचे विद्यापीठ १३०३ साली त्यानेच स्थापले, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी आनान्यी येथे त्याला पकडून त्याची विटंबना केली. महिनाभरात तो वारला. दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याच्यासाठी नरकात जागा राखून ठेवली हे सर्वांना ठाऊक असते. दान्तेच्या हद्दपारीमागे ज्या पक्षाचा हात होता त्याला याच पोपचे पाठबळ होते, हे सहसा सांगितले जात नाही. भिक्षूंच्या जिभांना खिळे ठोकल्याची जी गोष्ट फो प्रस्तावनेत ऐकवतात, तिच्याविषयी संशय घ्यायला पुरेशी जागा आहे. कैदेत मरणारा सेलेस्टाइन हे पुरेसे भयंकर सत्य हाताशी असता खिळ्यांची गरज का पडावी?

इथे मराठी रंगभूमीवरचे एक उदाहरण आठवते. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ आले तेव्हा नाना फडणविसांच्या बदनामीवरून असेच वादळ उठले. प्रयोग काही काळ बंद पडले, १९८० साली युरोपच्या दौऱ्यालाही विरोध झाला. परंतु विजय तेंडुलकरांनी पहिल्यापासून सांगितले होते की हे ऐतिहासिक नाटक नव्हे. फो यांनी नेमके उलटे सांगितले : पाठ्यपुस्तके खोटी, खरा इतिहास माझ्याकडे. तेंडुलकरांना मिळाली ती मोकळीक फो यांना मागता येत नाही, कारण त्यांनी स्वतःच ती नाकारली.

२०१९ साली ब्रिटनच्या बीबीसीने ग्रेग जेनर यांचा एक श्राव्य कार्यक्रम सुरू केला. त्यात सूत्रधाराबरोबर दोन पाहुणे असतात, एक इतिहासाचा अभ्यासक आणि एक विनोदी कलावंत. कलावंत सुचेल ते बोलतो, अभ्यासक सांगतो तिथे थक्क होतो, थट्टा करतो. मात्र शेवटाकडे अभ्यासकाला सुमारे दोन मिनिटे राखून ठेवलेली असतात, आणि तेवढा वेळ त्याला कुणी अडवायचे नाही. ही मांडणी फो यांच्या मानाने फारच सौम्य आहे. तिच्यात चौकातली धग नाही, उपाशी माणसाचा राग नाही. पण खुर्च्या दोन आहेत. एकाने थाप मारली तर दुसरा तिथेच बसलेला आहे.

चर्च आणि विदूषक यांचे नाते आपण समजतो तितके एकरंगी कधीच नव्हते. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना नकलाकार आणि विदूषकांचे खेळ पाहण्यास मनाई केली, म्हणजे ते पाहत होतेच. जर्मन भाषक प्रांतांत ईस्टरच्या प्रवचनात लोकांना मुद्दाम हसवण्याची चाल सोळाव्या शतकातही होती. मृत्यूवरच्या विजयाचा आनंद असा व्यक्त होई. १५१८ साली एका सुधारकाने तिच्यावर टीकेचे पत्रक लिहिले, ते आज तिचा उत्तम पुरावा ठरले आहे. आणि असिसीच्या संत फ्रान्सिसने तर आपल्या बंधूंना देवाचे विदूषक म्हटल्याचे जुन्या चरित्रांत नमूद आहे.

१९९९ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, फो याच फ्रान्सिसकडे वळले. त्यांच्या त्या एकपात्री नाटकाचा प्रारंभ होतो १२२२ सालच्या १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, बोलोन्याच्या चौकात. त्या दिवशी स्प्लितचा थॉमस नावाचा विद्यार्थी गर्दीत होता. त्याने लिहून ठेवले आहे की फ्रान्सिसचे कपडे मळके होते, चेहरा देखणा नव्हता, बोलण्याची ढब प्रवचनकाराची नव्हे तर सभेत बोलणाऱ्याची होती, आणि त्या बोलण्याने पिढीजात वैरे असलेली घराणी समेटाला आली. विषय काय होता तेही त्याने नोंदले. ते शब्द मात्र हरवले. ती हरवलेली जागा फो भरून काढतात. त्यांचा फ्रान्सिस बोलोन्याच्या लोकांच्या युद्धपराक्रमाची अशी काही तोंडभर स्तुती करतो की ऐकणारे आधी छाती फुगवतात, मग हळूहळू माना खाली घालतात. या वेळी साक्षीदार खरा आहे, तारीख खरी आहे, आणि कोणते शब्द नटाचे आहेत हे ऐकणाऱ्याला कळायला अडचण पडत नाही. ‘बॉनिफास’मधले उसळणारे चापल्य यात नाही, वयाचा थकवाही जाणवतो; तरी वाचकाला एकच प्रवेश मिळवून वाचायचा असेल तर मी लाजरसच्या खालोखाल याचे नाव घेईन.