पडद्यामागील शिक्षक : ग्रेगरी बूथ यांच्या ग्रंथाचे पुनर्वाचन

ग्रेगरी डी. बूथ यांचा ‘बिहाइंड द कर्टन : मेकिंग म्युझिक इन मुंबईज फिल्म स्टुडिओज’ (ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २००८) हा ग्रंथ मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या अभ्यासात आता आधारभूत मानला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा समग्र परामर्श घेण्याचा हेतू नाही. एकच प्रश्न मनात ठेवून तो पुन्हा वाचावयाचा आहे. व्हायोलिनसारखे तंतुवाद्य मुलांना शिकविणे आणि त्यांचा वाद्यवृंद उभा करणे हे ज्याने आयुष्याचे काम मानले, अशा माणसाला आपल्याकडे व्यवसाय म्हणून कोणते स्थान लाभले?

बूथ यांनी प्रास्ताविकाला दिलेले शीर्षकच प्रश्नरूप आहे : अँथनी गोन्साल्विस कोण? ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील गाण्यामुळे हे नाव देशभर पोहोचले. परंतु संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांनी त्या गाण्याद्वारे आपल्या व्हायोलिन-गुरूंना वंदन केले होते, हे फार थोड्या श्रोत्यांना ठाऊक होते. ग्रंथारंभासाठी याहून समर्पक उदाहरण सापडणे कठीण. ज्याचे नाव सर्वांच्या ओठी आहे आणि ज्याला कोणीच ओळखत नाही, असा हा शिक्षक.

बूथ यांचे मोठे योगदान असे की, त्यांनी वादकाकडे श्रमिक म्हणून पाहिले. संगीतकार आणि पार्श्वगायक यांच्याभोवती फिरणाऱ्या आपल्या रसग्रहणपर लेखनात वादक कधी आलाच नाही. आला तर आठवणींच्या सदरातील एखाद्या गमतीदार किश्श्यापुरता. बूथ मात्र वादकांच्या दीर्घ मुलाखती घेतात. काम कसे मिळे, मोबदला कसा ठरे, संघटना कशी चाले हे विचारतात. स्वरलेखन वाचता येणाऱ्या गोमंतकीय वादकांवाचून १९५० नंतरचा भव्य वाद्यमेळ शक्यच नव्हता, हे या मुलाखतींतून स्पष्ट होते. हे सारे मान्य करूनही एक उणीव जाणवते. या ग्रंथात शिकणे आहे, शिकविणे जवळजवळ नाही. गुरू येतो तो शिष्याच्या चरित्राचा पहिला परिच्छेद म्हणून. शिष्य स्टुडिओत पोहोचला की गुरूचे काम संपते. शिकवणीवर घर चालत होते काय, हा प्रश्न स्टुडिओतील मोबदल्याइतक्या चिकाटीने विचारला गेलेला नाही.

वस्तुतः हा प्रश्न गोव्यापासून सुरू करावा लागतो. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलेखनाचे वाचन, गायन आणि व्हायोलिन शिकविले जाई. तेथील ‘मेस्त्रे’ हा एकाच वेळी शिक्षक, गायनवृंदाचा प्रमुख आणि सणाच्या प्रार्थनेसाठी वादकांचा मेळ बसविणारा असे. आजच्या परिभाषेत ज्याला शालेय वाद्यवृंदाचा संचालक म्हणावे, असे पद आपल्या परिसरात खऱ्या अर्थाने अस्तित्वात होते ते तेथेच. मानधन तुटपुंजे असेल. पण पद होते, आणि मेस्त्रे कोण हे गावाला ठाऊक होते.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली माजोर्डा येथे, अशाच एका चर्च-संगीतप्रमुखाच्या घरी झाला. १९४३ साली ते मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे वाद्यसंयोजनही केले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन ही त्यांच्या शिष्यांतील सर्वपरिचित नावे. १९५८ साली त्यांनी रागांवर आधारलेल्या रचना सिम्फनीच्या अंगाने सादर करण्यासाठी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. या वाद्यवृंदामागे ना विद्यापीठ होते, ना शाळा. १९६५ साली ते सिराक्यूज विद्यापीठात अभ्यासासाठी अमेरिकेस गेले आणि चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध संपला. नंतर ते गोव्यात परतले, आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. बूथ या निवृत्तीकडे एका मनस्वी कलावंताची कहाणी म्हणून पाहतात. मला ते अपुरे वाटते. वडिलांना जे पद होते ते मुलाला मुंबईत मिळाले नाही, ही बाब स्वभावापेक्षा अधिक स्पष्टीकरण देते.

शेजारी मेहली मेहता यांचे चरित्र ठेवले की मुद्दा उघड होतो. १९०८ साली जन्मलेल्या मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. तेही व्हायोलिनवादक, त्यांनाही मुंबईत संस्थेचा भक्कम आधार लाभला नाही. परंतु १९६४ साली ते लॉस एंजेलिसला गेले, तेथील विद्यापीठात वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ हा तरुण वादकांचा वाद्यवृंद स्थापून त्यांनी तो तेहेतीस वर्षे चालविला. सुस्थितीतील पारशी कुटुंब आणि गोव्यातील चर्च-वादकाचे कुटुंब यांतील अंतर येथे नजरेआड करता येणार नाही. तरीही एवढे खरे की, मुंबईच्या एका व्हायोलिनवादकाला विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचा संचालक म्हणून कारकीर्द घडविता आली ती मुंबई सोडल्यावर. (तो वाद्यवृंदही २०२४ साली बंद पडला, संस्था असली म्हणजे ती टिकतेच असे नाही.)

आपल्याकडे संगीतशिक्षकाला व्यवसाय मिळवून देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न विष्णु दिगंबर पलुस्करांचा. १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढताना त्यांच्या डोळ्यांसमोर केवळ गायक नव्हते, शिक्षकही होते. त्या परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आज वाशी येथे आहे. प्रस्तुत लेखकाच्या बोनकोडे गावापासून ती जवळच. सिडकोच्या नगररचनेने वेढलेल्या या गावठाणातील मुलेही प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढू शकतात. शिकविणाऱ्यालाही या परीक्षांमुळे विद्यार्थी मिळतात, ही गोष्ट लहान नाही. परंतु या रचनेत विद्यार्थी एकटा परीक्षकासमोर बसतो. चार व्हायोलिने एका सुरात आणावीत, कच्च्या वादकाला पक्क्याशेजारी बसवावे, सर्वांनी एकाच वेळी गज फिरवावा, हे वाद्यवृंदशिक्षकाचे खास कसब परीक्षेच्या कक्षेत येत नाही. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की अजूनही रंगमंचावरील चित्रपटगीतांचा कार्यक्रमच डोळ्यांपुढे येतो, हेही याचेच द्योतक.

शाळेची स्थिती वेगळी नाही. शिक्षणहक्क कायदा (२००९) सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पटसंख्या असल्यास कलाशिक्षणासाठी निदेशक सुचवितो, पण तो अंशकालीन. त्या एका शब्दात चित्रकला, संगीत सारेच बसवावयाचे. महाविद्यालयीन अध्यापक २०१० नंतर आपल्या कामगिरीचे निर्देशांक भरू लागले. गोन्साल्विस यांनी त्या तक्त्यात प्यारेलाल कोणत्या रकान्यात लिहिले असते, असा विचार कधी कधी मनात येतो.

बूथ यांच्या मते जुन्या चित्रपटसृष्टीची ही वाद्यमेळप्रधान व्यवस्था नव्वदच्या दशकात, इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि नवे ध्वनिमुद्रणतंत्र आल्यावर मोडली. ग्रंथ तेथे थांबतो. माझ्या मते शिक्षकांचा इतिहास तेथून पुन्हा सुरू व्हावयास हवा होता. काम आटल्यावर स्टुडिओतील व्हायोलिनवादकांपैकी कितीतरी जण शिकवण्यांकडे वळले; जे ज्ञान शंभर वादकांच्या दालनात वापरले जाई ते उपनगरांतील दिवाणखान्यात एकेका मुलाला मिळू लागले. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभारला तेव्हा बरेचसे वादक कझाकस्तान आदी देशांतून आणावे लागले, आणि मुलांसाठीची त्याची अकादमी २०१२ साली सुरू झाली. वाद्यवृंद आधी, शाळा नंतर हा क्रम माजोर्ड्याच्या मेस्त्रेला चमत्कारिक वाटला असता.

आपल्याच शीर्षकप्रश्नाला बूथ यांनी दिलेले उत्तर वादक, संयोजक, रचनाकार असे आहे. प्यारेलाल यांनी १९७७ सालीच दिलेले उत्तर एका शब्दाचे होते, आणि तो शब्द या तिन्हींत नाही.