खराटा नको, सवाल घ्या

गाडगेबाबा म्हटलं की लोकांना खराटा दिसतो. सरकारनंही 2000 साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. खराटा घेतला, कीर्तन टाकलं.

बाबा जातीनं परीट. त्यांनी खराटा आपखुशीनं उचलला, संत झाले. आमच्या आया-बापांच्या हातात तो जातीनं दिला. त्यांना कुणी हार घातला नाय. म्हणून खराट्याची पूजा आपल्याला परवडणारी नाय.

बाबांचं खरं हत्यार सवाल. नवसाला बकरं का कापता? कर्ज काढून सण का करता? पोरांना शाळेत का घालत नाय? पंढरपुरात त्यांनी देऊळ बांधलं नाय. चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि 1949 मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

पण स्पष्ट लिहितो. एवढे सवाल करून बाबा शेवटी गोपाळाच्या भजनावरच येत. देवाला झोडपलं, त्याचं घर सोडलं नाय. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला ते सोडलं. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले, 20 डिसेंबरला गाडगेबाबा.

कुर्ल्यात आमच्या खोलीत दोघांचे फोटो शेजारी आहेत. राहू देत. पण नुसते हात जोडू नका. बाबांचा सवाल उचला, आणि तो बाबांनाही विचारा.