दौलतजादा, पण ऑनलाइन

नागापूरच्या एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट सुटल्यावर, घरी येता येता मी एका नव्या मराठी बँडचा अल्बम डाउनलोड केला. किमतीच्या चौकटीत लिहिलं होतं, हवी ती रक्कम टाका. मी शून्य टाकलं. गाणी आवडली, आठवडाभर तीच ऐकली, तरी परत जाऊन पैसे काही दिले नाहीत. त्यामुळे हा लेख थोडा माझ्याविरुद्धही आहे.

‘हवं ते द्या’चं कौतुक करताना रेडिओहेडचं नाव हमखास येतं. ऑक्टोबर २००७ मध्ये या इंग्लिश बँडने ‘इन रेनबोज’ स्वतःच्या वेबसाइटवर ठेवला आणि किंमत श्रोत्यांवर सोडली. पण आधीचे सहा अल्बम मोठ्या कंपनीच्या जोरावर जगभर पोचले होते. शिवाय थोड्याच महिन्यांत हाच अल्बम सीडीच्या रूपात ठरलेल्या किमतीला दुकानात आला. आपल्याकडे इंडियन ओशनने जुलै २०१० पासून ‘१६/३३० खजूर रोड’ची गाणी एकेक करून फुकट दिली, तीही वीस वर्षं मैफली गाजवल्यावर. नव्या बँडकडे ही पुंजी कुठून येणार?

मला याहून नेमकं उदाहरण तमाशात सापडतं. तिथे खूश झालेला रसिक दौलतजादा करतो. किती द्यायचे ते त्याच्या मर्जीवर. पण त्याच्या नावाचा पुकारा होतो, चार लोक बघतात, म्हणून हात सैल सुटतो. या मर्जीपायी कलावंतिणींनी किती सोसलं, तेही विसरू नये. पण फड फक्त दौलतजाद्यावर चालत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी येतात, घासाघीस होते आणि जत्रेची सुपारी ठरते. आधी सुपारी, वर दौलतजादा.

ऑनलाइन बँडने सुपारी सोडली आणि दौलतजादा तेवढा ठेवला. तोही अंधारात, कारण मी शून्य टाकलं ते कुणी पाहिलं?

स्ट्रीमिंगकडे वळावं तर स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात हजारदा न वाजलेल्या गाण्याला मानधनच नाही. त्यापेक्षा बँडकॅम्प बरं. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ते ठेवतं, पण तिथे किमान किंमत लावून ‘वर हवे तितके द्या’ म्हणता येतं. म्हणजे सुपारी आणि दौलतजादा दोन्ही. तरी आपले बँड तिथे शून्यच लिहितात. त्याला ते औदार्य म्हणतात. मला तो संकोच वाटतो. आपल्या गाण्याला किंमत आहे हे आधी आपणच म्हणायला नको का?

मी शून्य टाकलं, ही माझी कंजुषी होतीच. पण चौकटीत पन्नास रुपये लिहिलेले असते, तर मी मुकाट्याने दिले असते, हेही तितकंच खरं.