‘सूर्य’ ते ‘अर्धसत्य’ : माध्यमांतर आणि कवितेचा हस्तक्षेप

कथेचा चित्रपट होताना काय गळाले, याचाच हिशेब समीक्षा बहुधा मांडते; नव्याने काय आले, हा प्रश्न मागे राहतो. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेला गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा व वसंत देव यांचे हिंदी संवाद यांच्या जोडीला येथे दिलीप चित्रे यांची कविता येते आणि चित्रपट आपले शीर्षकही तिच्याकडूनच घेतो.

ही कविता केवळ अलंकरण नव्हे. फौजदार अनंत वेलणकर ज्योत्स्नाच्या पुस्तकातून ती सहज वाचू लागतो. वाचता वाचता चक्रव्यूहाची प्रतिमा त्याच्यावरच उलटते. पोलिसातल्या बापाच्या धाकाने खात्यात आलेल्या, आईला होणारी मारहाण असहायपणे पाहिलेल्या या माणसाच्या ठायी पौरुष आणि हिंसा यांची सांगड पक्की झालेली आहे. कविता ती उघड करते, सोडवीत नाही. पुढे कोठडीत एका चोराचा जीव वेलणकरच्याच हातून जातो.

म्हणूनच रामा शेट्टीच्या हत्येला न्याय समजणारा अन्वयार्थ अपुरा ठरतो. हत्येनंतर वेलणकर पोलीस ठाण्यातच हजर होतो : व्यूह भेदला जात नाही, नायक त्यात परततो. आत्मज्ञान आणि मुक्ती यांतील हे अंतर कवितेच्या योजनेमुळेच जाणवते. असे माध्यमांतर मूळ कथेवरील निष्ठेच्या एकाच निकषावर तोलता येणार नाही.