प्रक्षिप्त टाळ्या

जुन्या ध्वनिमुद्रिका नव्याने बाजारात येतात, तेव्हा त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा दोनच गोष्टींची दखल घेतली जाते. आवाज किती स्वच्छ झाला आणि जादा गाणी किती मिळाली. मूळ संहिता कोणती मानली, काय गाळलं, गाळलेलं कुठे ठेवलं, हे प्रश्न पुस्तकाच्या नव्या आवृत्तीबद्दल कोणताही जागरूक वाचक विचारतो. ध्वनिमुद्रिकेबद्दल ते सहसा विचारले जात नाहीत. या लेखात मला ते एकाच तबकडीला विचारायचे आहेत.

ही तबकडी म्हणजे ‘ब्यूटी अँड द बीट!’. गायिका पेगी ली आणि पियानोवादक जॉर्ज शिअरिंगचं क्विंटेट यांची ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या कॅपिटॉल कंपनीने १९५९ साली काढली. मे १९५९च्या अखेरीस मयामीत रेडिओवरच्या डिस्क जॉकींचं अधिवेशन भरलं होतं. तिथल्या मैफिलीतच हे ध्वनिमुद्रण झालं, असं कंपनीने जाहीर केलं होतं. गाण्यांच्या आगेमागे टाळ्या होत्या आणि एका वाद्यरचनेचं नावही ‘माम्बो इन मयामी’ असं होतं. पुढे उघड झालं की ऐकू येणारं गाणं-वाजवणं स्टुडिओतलं आहे आणि टाळ्या मागाहून चिकटवल्या आहेत. २००३ साली ही ध्वनिमुद्रिका सीडीवर पुन्हा आली, तेव्हा त्या टाळ्या काढून टाकलेल्या होत्या. आदल्याच वर्षी, जानेवारी २००२मध्ये, पेगी लीचं निधन झालं होतं. शिअरिंग हयात होता.

टाळ्या गेल्याने काय बदललं हे कळायला आधी या दोघांची कला कशावर उभी होती ते पाहावं लागतं.

शिअरिंग लंडनच्या बॅटरसी भागातल्या कोळसा वाहणाऱ्या कामगाराचा मुलगा. जन्मापासून अंध. १९४७ साली तो अमेरिकेत स्थायिक झाला आणि १९४९मध्ये त्याने पाच जणांचा संच बांधला. त्याच साली आलेल्या ‘सप्टेंबर इन द रेन’ने त्या संचाला घरोघरी नेलं. या संचाचा आवाज ओळखायला दोन क्षण पुरतात. उजव्या हातात एका सप्तकात मावणारे स्वर एकत्र वाजतात, त्यांतला सर्वांत वरचा स्वर म्हणजे चाल; डावा हात तीच चाल एक सप्तक खाली वाजवतो. दोन्ही हात जोडून टाकल्यासारखे बरोबरीने सरकतात, म्हणून या पद्धतीला ‘लॉक्ड हँड्स’ म्हणतात. ती शिअरिंगने शोधलेली नव्हे. मिल्ट बकनर हा पियानोवादक त्याच्या आधीपासून तसं वाजवत असे. शिअरिंगची भर अशी, की वरच्या चालीला त्याने व्हायब्राफोनची जोड दिली आणि खालच्या चालीला गिटारची. तीन वाद्यं मिळून एकच मऊ, थंड, कडा नसलेला आवाज तयार होतो.

आता अडचण अशी, की या आवाजात चाल आधीच दोनदा मांडलेली असते. तिथे गायिका आली तर तिने उभं राहायचं कुठे? गायकाबरोबर वाजवताना शिअरिंगला स्वतःची ओळख बनलेला आवाजच मोडावा लागतो. तो तसा मोडतो, म्हणूनच मला या ध्वनिमुद्रिकेतला शिअरिंग त्याच्या गाजलेल्या तबकड्यांतल्या शिअरिंगपेक्षा मोठा वाटतो. ली गात असताना ते घट्ट स्वरसंघ मागे सरतात. पियानो तिच्या ओळीच्या शेवटी दोन-चार स्वर ठेवतो आणि बाजूला होतो. संचाचा एकत्र आवाज परततो तो मधल्या जागेत, आणि तोही थोडाच वेळ. आपल्याकडे चांगला पेटीवाला गायकाच्या मागे कसा असतो हे ज्याने लक्ष देऊन ऐकलं आहे, त्याला हे संयमाचं काम लगेच ओळखू येईल.

पेगी लीची गोष्ट याहून महत्त्वाची. तिच्या गायनाचा उगमच श्रोत्यांच्या गोंगाटात आहे. १९४१च्या सुमारास पाम स्प्रिंग्समधल्या ‘डॉल हाउस’ या क्लबात ती गात होती. गलक्यापुढे आवाज चढवण्याऐवजी तिने तो उतरवला, आणि ऐकायचं तर गप्प बसणं भाग आहे हे लोकांना कळलं. ही आठवण तिने पुढे अनेकदा सांगितली. त्याच वर्षी ती बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात गेली. १९५८मध्ये ‘फीव्हर’ आलं. लीच्या गाण्यात शांतता आयती मिळालेली नसते, ती श्रोत्याकडून मिळवलेली असते. तिचा स्वर तालाच्या किंचित मागे रेंगाळतो. शब्द जवळजवळ बोलल्यासारखा येतो आणि ओळ संपल्यावर ती काही क्षण तशीच राहू देते.

अशा गायिकेच्या गाण्याला खोटे श्रोते जोडणं म्हणजे नुसती जाहिरातीची युक्ती राहत नाही. तो तिच्या कलेच्या मर्मावर केलेला उपचार होतो. त्या टाळ्यांमागचा समुदाय कमालीचा आज्ञाधारक आहे. गाणं चालू असताना तो जणू नाहीच. गाणं संपलं की हजर होतो. जिला श्रोते जिंकावे लागत, तिला इथे आधीच शरण आलेले श्रोते दिलेले आहेत. लीने स्वतःच हुबी व्हीलरबरोबर लिहिलेलं ‘देअरल बी अनदर स्प्रिंग’ ऐका. ते सांत्वनाचं गाणं आहे. मोठ्याने म्हटलं तर खोटं वाटेल असं. त्याच्यामागून टाळ्या आल्या की ते सांत्वन सभेला उद्देशून केल्यासारखं होतं. टाळ्या नसल्या की ते एका माणसाशी बोलणं राहतं. ड्यूक एलिंग्टनच्या ‘ऑल टू सून’चंही तसंच. संपलेल्या प्रेमाच्या त्या गाण्याचा शेवट विरत जाण्यातच आहे. २००३च्या आवृत्तीत तो विरताना ऐकू येतो.

मग टाळ्या घातल्या कशासाठी? याचं उत्तर त्या अधिवेशनाच्या स्वरूपात आहे, असं मला वाटतं. १९५९ साली अमेरिकेत कोणतं गाणं चालणार हे बऱ्याच अंशी डिस्क जॉकी ठरवत. मयामीच्या त्या अधिवेशनात कंपन्यांनी त्यांच्यावर दारू आणि मेजवान्यांची अशी खैरात केली, की वर्तमानपत्रांत त्याचा बोभाटा झाला. ‘पेओला’, म्हणजे गाणी वाजवण्यासाठी दिलेली लाच, हा शब्द सर्वतोमुखी झाला. १९६० साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्याच्या सुनावण्या झाल्या आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. या पार्श्वभूमीवर त्या टाळ्या कोणाच्या म्हणून ऐकवल्या आहेत ते पाहावं. त्या खुद्द डिस्क जॉकींच्याच आहेत. ही तबकडी वाजवणारा जॉकी आपल्या श्रोत्यांना सांगू शकत होता की ही दाद आम्ही दिली. कंपनीने त्याला पैसे न देता ध्वनिमुद्रिकेतच जागा दिली होती. मला या टाळ्या एखाद्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेसारख्या वाटतात, आणि अर्पण करण्यामागचा हेतूही लपत नाही.

हा माझा निष्कर्ष आहे, कंपनीची कबुली नव्हे. पण तो पटला, तर २००३च्या आवृत्तीपुढे एक पेच उभा राहतो. टाळ्या काढल्याने संगीत मोकळं झालं; त्याच वेळी १९५९चा एक पुरावा नाहीसा झाला.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. स. सुखठणकरांनी आखून दिलेल्या पद्धतीने चाललेलं ते काम १९६६मध्ये पुरं झालं. तिच्यात असंख्य श्लोक प्रक्षिप्त ठरवून मूळ संहितेतून बाजूला काढले गेले. व्यासांनी गणपतीकडून महाभारत लिहून घेतल्याची, लहान मुलालाही ठाऊक असलेली कथासुद्धा त्यातून सुटली नाही. पण ती फेकून दिलेली नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात ती जशीच्या तशी आहे. संपादकांनी ‘हे मूळचं नव्हे’ म्हटलं, आणि ‘हे कधी नव्हतंच’ असं मात्र म्हटलं नाही.

हे साम्य फार ताणता येणार नाही, हेही मान्य करायला हवं. महाभारतातले प्रक्षेप मागाहून, अनेक हातांनी झाले. इथे टाळ्या पहिल्या प्रकाशनाआधीच घातल्या गेल्या. डेव्ह कॅव्हनॉ निर्माता असलेल्या या ध्वनिमुद्रिकेची टाळ्यांशिवायची आवृत्ती १९५९ साली कोणीही विकत घेतलेली नाही. म्हणजे २००३च्या सीडीवर आहे ते पहिल्या छापील आवृत्तीमागचं हस्तलिखित. ते अधिक शुद्ध आहे. पण चौवेचाळीस वर्षं लोकांनी ज्याला ‘ब्यूटी अँड द बीट!’ म्हटलं, ते हे नव्हे. मूळच्या बारा रचनांना जोडलेली ‘डोन्ट एव्हर लीव्ह मी’ आणि ‘नोबडीज हार्ट’ ही जादा गाणी या नव्या संहितेत सहज मिसळून जातात. टाळ्यांच्या कार्यक्रमात ती उपरी वाटली असती.

दोन्ही संहिता राखणं अशक्य नसतं. १९५६च्या न्यूपोर्ट महोत्सवातल्या ड्यूक एलिंग्टनच्या मैफिलीची कोलंबियाने काढलेली ध्वनिमुद्रिका अशीच होती. तिच्यातला बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून घेतलेला, वर टाळ्या जोडलेल्या. पॉल गोन्साल्व्हिसचे सॅक्सोफोनवरचे प्रसिद्ध सत्तावीस फेरे मात्र खरे होते, फक्त तो कोलंबियाऐवजी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या मायक्रोफोनपुढे वाजवत राहिला होता. पुढे त्या नभोवाणीची टेप सापडली आणि १९९९मध्ये फिल शाप यांनी दोन्ही टेप जुळवून खरी मैफील बांधली. स्टुडिओतलं ध्वनिमुद्रणही त्याच दोन सीडींच्या संचात, तसं स्पष्ट सांगून, ठेवलं. श्रोत्याला दोन्ही ऐकून स्वतः ठरवता येतं. चिकित्सक आवृत्ती म्हणतात ती याला. ‘ब्यूटी अँड द बीट!’च्या वाट्याला फक्त शुद्धीकरण आलं.

आज तर गोंधळ आणखी वाढला आहे. गाणी फोनवर येतात. आपण ऐकतो ती कोणती आवृत्ती हे सांगणारी ओळ क्वचितच सोबत असते. टाळ्या असलेली आणि नसलेली आवृत्ती एकाच मुखपृष्ठाखाली ऐकायला मिळू शकते. अशा वेळी संपादकाचं काम श्रोत्यालाच थोडंफार करावं लागतं.

ज्यांनी ही ध्वनिमुद्रिका कधीच ऐकलेली नाही, त्यांनी २००३ची आवृत्ती आधी ऐकावी. ली आणि शिअरिंग यांच्यातला संवाद तिथे स्पष्ट आहे. ‘ऑल टू सून’पासून सुरुवात करावी. त्यानंतर जुनी एलपी मिळाली तर तीही जरूर ऐकावी, पण गाण्यांसाठी नव्हे. तिच्यातल्या टाळ्या ऐकाव्यात. त्या कंपनीला कसा श्रोता हवा होता ते त्यांतून कळतं. लीला हवा असलेला श्रोता निराळा होता, आणि त्याला टाळ्या वाजवायची घाई नव्हती.