जुन्या करारातील राजांचे बहुपत्नीकत्व : नियम आणि कथन यांतील विसंगतीचा विचार

वर्धा जिल्ह्यातील पवनार ही कर्मभूमी असलेल्या आचार्य विनोबा भावे यांचे 'ख्रिस्तधर्म-सार' हे संकलन नव्या करारावर आधारलेले आहे. त्यामुळे राजांच्या बहुपत्नीकत्वाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. संपूर्ण बायबलच्या अभ्यासकास मात्र तो टाळता येत नाही.

'अनुवाद' १७:१७ मध्ये राजाने पुष्कळ स्त्रिया करू नयेत, असा नियम आहे. याउलट २ शमुवेल १२:८ मध्ये शौलाच्या स्त्रिया देवानेच दाविदाला दिल्या, असे नाथान संदेष्टा सांगतो. १ राजे १५:५ मध्ये तर उरीयाचे प्रकरण वगळता दावीद निर्दोष ठरतो. ही विसंगती वरवर पाहता स्पष्ट दिसते.

तथापि, नियमाचा संदर्भ लक्षात घेतला पाहिजे. घोडे, स्त्रिया आणि सोनेरुपे या तिन्हींसाठी मूळ हिब्रूत 'वाढविणे' हेच क्रियापद आले आहे. राजाने एकच घोडा ठेवावा, असा त्याचा अर्थ कोणी करीत नाही. म्हणजे हा नियम एकपत्नीव्रताचा नसून राजसत्तेच्या मर्यादेचा आहे. १ राजे १० व ११ मध्ये शलमोनाचे सोने, घोडे आणि शेवटी ७०० राण्या व ३०० उपपत्नी यांची वर्णने येतात. दोष मात्र परक्या स्त्रियांमुळे अन्य देवांकडे वळण्याचा दिला जातो. शिवाय 'अनुवाद' ग्रंथाचा गाभा अनेक अभ्यासक इ. स. पूर्व ७व्या शतकातील मानतात. हे मत स्वीकारल्यास, दाविदाच्या कथेस नंतरच्या नियमाची कसोटी लावणे युक्त ठरत नाही.

एवढ्याने विसंगती सुटते. अन्याय सुटत नाही. नियम आणि कथन या दोहोंची चिंता राजाच्या अंतःकरणाची आहे, स्त्रियांची नाही. दाविदाने पळून जाताना दहा उपपत्नींना वाड्याच्या राखणीस ठेवले. अबशालोमाने त्यांना भ्रष्ट केले. परतल्यावर दाविदाने त्यांना आमरण वैधव्यासारख्या कोंडवासात ठेवले (२ शमुवेल २०:३). अपराध पुरुषाचा, शिक्षा स्त्रियांना. विदर्भातीलच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून समाजाच्या याच दुटप्पी न्यायावर बोट ठेवले होते.

सारांश, वचनांचा मेळ घालणे हे समीक्षेचे अर्धेच कार्य होय. ज्यांना त्या कथेत एकही शब्द बोलू दिलेला नाही, त्या दहा जणींची दखल घेतल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.