ऋद्धिपूरचरित्रातील गाव

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या गावाचा उल्लेख मराठी वाङ्मयेतिहासात आदराने होतो. परंतु तो बहुधा गावाचा उल्लेख नसतो. पंचकृष्णांपैकी एक मानल्या गेलेल्या श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्यस्थान, चक्रधरांच्या गुरुभेटीचे स्थळ, लीळाचरित्राची जन्मभूमी अशा विशेषणांनी गाव सजविले जाते आणि विशेषणांच्या मागे त्याची घरे, ओसऱ्या, बाजार, पाणवठे आणि माणसे दिसेनाशी होतात. २०२३ मध्ये येथे मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली, पुढच्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि रिद्धपूरचे हे प्रतीकरूप अधिकच ठळक झाले. अशा वेळी म्हाइंभटकृत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऋद्धिपूरचरित्राकडे, म्हणजेच श्रीगोविंदप्रभुचरित्राकडे, एका लहान गावाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहता येईल काय, हा प्रश्न केवळ इतिहासकाराचा राहत नाही. तो वाचनपद्धतीचा, म्हणून समीक्षेचाही प्रश्न ठरतो.

ग्रंथाची निर्मितिप्रक्रिया येथे प्रथम लक्षात घ्यावयास हवी. रूढ कालगणनेनुसार १२७४ मध्ये चक्रधरांनी उत्तरापंथे गमन केले. त्यानंतर नागदेवाचार्यांसह त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सन्निध राहिला. गोविंदप्रभूंचे निधन १२८८ च्या सुमारास झाले. मधल्या या सुमारे चौदा वर्षांत विखुरलेला पंथ एका गावात एकत्र नांदला, आणि चक्रधरांच्या आठवणी जमविण्याचे म्हाइंभटांचे कार्यही याच काळातले. लीळाचरित्राचे लेखन गावातील वाजेश्वरीच्या स्थानी झाले, असे परंपरा मानते. मराठी गद्याचा हा आरंभ अशा रीतीने एका गावातील सहवासाचे फलित आहे. तो राजसभेत झाला नाही, आणि विद्यापीठात तर नाहीच.

ऋद्धिपूरचरित्रातील तीनशेहून अधिक लीळा या सहवासाच्या खुणा बाळगतात. चक्रधर निरूपण करतात. गोविंदप्रभू निरूपण करीत नाहीत. ते गावभर हिंडतात, कोणाच्याही घरात शिरतात, समोर येईल ते खातात, मुलांशी आणि देवळातील मूर्तींशी खेळतात, रागावतात, हट्ट धरतात. लोक त्यांना वेडे म्हणतात, आणि ईश्वरही म्हणतात. तत्त्वज्ञानाची मांडणी नसल्यामुळे हा ग्रंथ लीळाचरित्राच्या तुलनेत अभ्यासकांना काहीसा गौण वाटत आला. परंतु हाच अभाव गावाच्या दृष्टीने मोठा लाभ ठरतो. नायक बोलत नाही म्हणून भोवतालची माणसे बोलू लागतात. तो एका जागी बसत नाही म्हणून निवेदनाला त्याच्यामागून घरोघर जावे लागते. छोटी वाक्ये आणि पदोपदी येणारे संवाद यांतून गावाचा नकाशा कोणी हेतुतः काढलेला नसतानाही उमटत जातो.

या नकाशावरील सर्वांत बोलकी रेषा जातीची आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या घरी गोविंदप्रभू जातात आणि ब्राह्मणांच्या घरीही जातात. या वर्तनाकडे समतेचा उद्घोष म्हणून पाहण्याची रीत आधुनिक विवेचनात रूढ आहे. तीत तथ्य आहे. पण ती अपुरी आहे. चरित्रकाराने ही गोष्ट नोंदविण्यायोग्य मानली, याचाच अर्थ ती अपवादात्मक होती. विटाळाचा नियम गावाला पूर्ण ठाऊक आहे. या एका माणसापुरता तो लागू करणे त्याला साधत नाही, इतकेच. वेड आणि ईश्वरत्व या दोहोंनी मिळून त्याला हा परवाना दिला आहे. त्याच्या मागोमाग दुसऱ्या कोणाला तो उंबरठा ओलांडता आला, असे मात्र ग्रंथ सुचवीत नाही. गावाची करुणा आणि गावाची व्यवस्था एकाच लीळेत शेजारी शेजारी उभ्या राहतात. अशा लीळेतून केवळ करुणा वेचणारे वाचन भक्ताला शोभते. समीक्षकाला ते पुरेसे नाही.

याच गावाने मराठीला तिची आद्य कवयित्री दिली. गोविंदप्रभूंच्या विवाहाचा खेळ मांडला गेला, त्या प्रसंगी महदंबेने धवळे गायिले, ही हकिकत सुपरिचित आहे. तिचा वाङ्मयीन अर्थ मात्र पुरेसा घेतला गेलेला नाही. धवळा हे लग्नातील वरविषयक गीत. ते पोथीतून आलेले नाही, लग्नघरातल्या बायकांच्या मुखातून आलेले आहे. महदंबा विदुषी होती, तरी प्रसंग येताच तिने गावच्या विवाहविधीतला हा घाट उचलला आणि त्यात रुक्मिणी-कृष्णाची कथा बसविली. मराठीचाच आग्रह धरण्यामागे नागदेवाचार्यांची भूमिका म्हाताऱ्या बायाबापड्या धर्माला मुकू नयेत अशी होती. ती भूमिका केवळ उदारमताची नव्हे. ज्यांच्या आठवणींवर आणि गाण्यांवर पंथाचे वाङ्मय उभे राहत होते, त्यांच्याविषयीच्या ऋणाची जाणीवही तीत आहे.

साधारण याच काळातील दुसऱ्या एका लहान गावाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. फ्रान्सच्या दक्षिणेकडील पिरेनीज पर्वतातील माँतायू या खेड्याचा चौदाव्या शतकाच्या आरंभीचा इतिहास इमॅन्युएल ल रॉय लादुरी यांनी १९७५ मध्ये लिहिला. त्याचे साधन होते पाखंडाच्या चौकशीसाठी बिशप झाक फूर्निए याने नोंदविलेल्या जबान्या. सामान्य माणसांचे बोलणे तेथे टिकले ते भयामुळे. रिद्धपुरात ते टिकले ते प्रेमामुळे. दोन्ही साक्षी निर्भेळ नव्हेत. भयभीत साक्षीदार लपवितो, प्रेमळ साक्षीदार उजळवितो. परंतु दोघेही मूळ विषय सांगताना आजूबाजूचे असे काही सांगून जातात की जे लपविण्याचे वा उजळविण्याचे त्यांना कारण नसते. कोणत्या वेळी कोण घरात असे, कोणाच्या ओसरीवर कोण बसे, कोणाला कोठवर येऊ दिले जाई, हे तपशील चमत्काराच्या कथेतही विश्वसनीय राहतात. ऋद्धिपूरचरित्राची ऐतिहासिकता शोधायची ती या अनवधानात.

अर्थात या वाचनाला मर्यादा आहेत. महानुभावीय ग्रंथ स्मरणातून सिद्ध झाले आणि लेखनिकांच्या पिढ्यांतून उतरत आले. लीळाचरित्राची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत नष्ट होऊन ते पुन्हा स्मरणातून उभारले गेले, असे परंपराच सांगते. पुढे सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांमुळे हे वाङ्मय पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके बंद राहिले. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि मूळचे बुलडाणा जिल्ह्यातले वि. भि. कोलते या वऱ्हाडच्याच संशोधकांच्या परिश्रमांतून ते विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर खुले झाले. म्हणूनच आजच्या पोथीत तेराव्या शतकातील रिद्धपूरचा उच्चार जसाच्या तसा ऐकू येतो, किंवा ती आजच्या वऱ्हाडीचा थेट पूर्वावतार आहे, असे म्हणण्याचा प्रादेशिक मोह टाळलेला बरा.

महत्त्वाचे आहे ते पंथाच्याच वाङ्मयात या गावाचे पुढे काय झाले, हे पाहणे. स्थानपोथीत गाव स्थानांच्या यादीत रूपांतरित होते: अवतार येथे बसले, तेथे निजले, पलीकडे जेवले. ओटे बांधले गेले, त्यांना नमस्कार होऊ लागला. साती ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या नारायण व्यास बहाळिये यांच्या ऋद्धिपूरवर्णनात तेच गाव काव्यातील क्षेत्र बनते. चरित्रात घटना असते आणि तिला जागा लागते. स्थानपोथीत जागा उरते आणि घटना तिची खूण होते. वर्णनकाव्यात जागाही अलंकारात विरघळते. प्रत्येक पायरीवर गाव अधिक पवित्र होते आणि त्याची वस्ती विरळ होत जाते. तथापि स्थानपोथीवर अन्याय होता कामा नये. दिशा आणि जागा काटेकोरपणे नोंदविणारी तिची शिस्त ही आठवणीला भूगोलाचा पुरावा जोडण्याची शिस्त आहे, आणि मध्ययुगीन मराठीत ती दुर्मिळ आहे.

विद्यापीठाचे स्थान म्हणून रिद्धपूरची निवड ही या मालिकेतील चौथी पायरी होय. तिच्यात चौथ्या वर्णनकाव्याचा धोका आहे, तशीच पहिल्या ग्रंथाकडे परतण्याची संधीही आहे. आद्यत्वाचा गौरव करण्यासाठी राजमठ आणि वाजेश्वरी ही दोन नावे पुरतात. म्हाइंभटांचे अनुकरण करावयाचे तर मात्र माणसांकडे जावे लागेल, त्यांचे बोलणे मांडून घ्यावे लागेल, एकाच प्रसंगाचे दोन निराळे पाठ मिळाले तर दोन्ही ठेवावे लागतील, आणि कोणाच्या उंबरठ्याशी गाव थांबत होते हेही लिहावे लागेल. मराठी गद्याचा आरंभ ज्या पद्धतीने झाला, ती पद्धत हाच रिद्धपूरचा खरा वारसा आहे. तो ओट्यावर ठेवून नमस्कार करण्याजोगा नाही. तो वापरात राहिला तरच टिकेल.